आठवण आणि पुरावा : यहुदी धर्माचा अभ्यास मराठी अंगणातून

यहुदी धर्माचा अभ्यास म्हटला की जेरुसलेम, बर्लिन किंवा न्यूयॉर्क डोळ्यांपुढे येते. पण या अभ्यासातले एक मोलाचे प्रकरण कोकणच्या किनाऱ्यावर घडले आणि ते बऱ्याच अंशी मराठीत लिहिले गेले. हा अभ्यास म्हणजे नेमके काय, तो कसा करतात आणि त्याने माणसांच्या आयुष्यात काय फरक पडतो?

रायपूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे आहेत. त्यांतल्या एखाद्या घरी ‘‘तुमची मंडळी इकडे कधी आली?’’ असे विचारले, तर ‘‘भोसल्यांबरोबर’’ असे उत्तर पुष्कळदा मिळते. या उत्तराला इतिहासाचा आधार नाही असे नाही. नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत १७४१ साली फौजेसह छत्तीसगडात उतरले. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरला राहून १७८७ पर्यंत इथला कारभार पाहिला. पण भोसल्यांबरोबर मराठी माणसे आली हे खरे असणे वेगळे आणि आपले खापरपणजोबा त्यांच्यातच होते हे खरे असणे वेगळे. कदाचित ते शंभर वर्षांनंतर रेल्वेच्या नोकरीसाठी आले असतील!

मग खरे काय ते ठरवायचे कसे? जुनी सनद, जमिनीचा कागद, कुलदैवताचे गाव, आडनाव, घरातल्या बोलीत टिकून राहिलेले जुने शब्द, सणावाराच्या रीती, असे सारे एकमेकांशी ताडून पाहावे लागते. आजोबांची आठवण टाकून द्यायची नाही. पण तपासून पाहिल्यावाचून तिला इतिहासही म्हणायचे नाही.

जगातल्या एका अतिप्राचीन धर्माचा, म्हणजे यहुदी किंवा ज्यू धर्माचा अभ्यास विद्यापीठांतून नेमका याच रीतीने चालतो.

भक्ताचा विठोबा, संशोधकाचा विठ्ठल

मराठी वाचकाला ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या वारकऱ्याला विठोबा माउली आहे. ती कुठून आली हा प्रश्नच त्याला पडत नाही. पण डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात त्याच देवतेचा माग लोककथा, शिलालेख, स्थलपुराणे आणि धनगरांच्या परंपरा यांतून काढला. त्यामुळे वारी थांबली नाही आणि भक्ती आहे म्हणून संशोधनही अडले नाही. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत, एवढेच.

यहुदी धर्मातही या दोन वाटा आहेत. पहिली फार जुनी. धर्मग्रंथाचे अध्ययन हे त्या धर्मात पूजेइतकेच पवित्र मानले जाते. दुसरी वाट तुलनेने नवी, जेमतेम दोनशे वर्षांची. १८१९ साली बर्लिनमध्ये काही तरुण ज्यू विद्वानांनी एकत्र येऊन आपल्याच धर्माचा व संस्कृतीचा शास्त्रीय दृष्टीने अभ्यास करण्यासाठी एक मंडळ स्थापन केले. लिओपोल्ड त्सुंझ हे त्यांतले प्रमुख नाव. ग्रीक किंवा लॅटिन वाङ्मयाचा अभ्यास ज्या काटेकोरपणे होतो, त्याच काटेकोरपणे हिब्रू वाङ्मयाचाही व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. त्या मंडळाचे आयुष्य थोडे ठरले, पण कल्पना रुजली. १८५४ मध्ये ब्रेस्लाऊ येथे या पद्धतीने शिकवणारी धर्मशिक्षणसंस्था निघाली आणि १९२५ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचे उद्‌घाटन झाले. आज जगातल्या अनेक मोठ्या विद्यापीठांत हा विषय शिकवला जातो. शिकवणारा आणि शिकणारा ज्यू असलाच पाहिजे, अशी अट तेथे नसते. तो कोणत्याही धर्माचा असू शकतो किंवा कोणताच धर्म न मानणाराही.

पोथी आणि तिच्या कडेची टीका

अभ्यासाची पहिली पायरी अर्थात ग्रंथांची. यहुद्यांच्या पवित्र ग्रंथसंग्रहाचे तीन भाग आहेत : तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तके, नवीइम म्हणजे संदेष्ट्यांची पुस्तके आणि केतुवीम म्हणजे इतर लेखन. ख्रिस्ती बायबलचा ‘जुना करार’ म्हणून आपण जो ओळखतो तो मुळात हाच संग्रह, फक्त पुस्तकांचा क्रम व मोजणी वेगळी.

पण एवढ्यावर यहुदी धर्म समजला असे मानणे म्हणजे वेद चाळून आजच्या हिंदू घरातले सण समजले असे मानण्यासारखे आहे. तोरातील आज्ञा रोजच्या व्यवहारात कशा पाळायच्या याची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आली. इसवी सन २०० च्या सुमारास तिचे संकलन झाले, ते ‘मिश्ना’. मिश्नावर पुढची काही शतके जो खल झाला तो ‘तल्मूद’.

तल्मूदचे छापील पान पाहिले तर आपल्याकडच्या सटीक पोथीची आठवण व्हावी. मधोमध मूळ मजकूर, एका कडेला अकराव्या शतकातल्या राशी या फ्रेंच पंडिताची टीका, दुसऱ्या कडेला त्याच्या नंतरच्या पंडितांची मते. एकाच पानावर जणू हजार वर्षांची सभा भरलेली! विशेष म्हणजे या सभेत ज्याचे मत मान्य झाले नाही, त्याचेही मत आदराने नोंदवलेले असते.

श्रद्धावान माणूस हे पान आचरणासाठी वाचतो. अभ्यासक त्याच पानाला आणखी प्रश्न विचारतो. हा मजकूर कोणत्या काळचा? यातला हा शब्द हिब्रू की फारसी? एकच गोष्ट दोनदा, थोड्या फरकाने का आली? एकोणिसाव्या शतकात जर्मन पंडित युलियस वेलहाउझेन यांनी तोरा ही एकहाती रचना नसून वेगवेगळ्या काळच्या लेखनप्रवाहांतून ती सिद्ध झाली, असे मत मांडले. त्यांच्या सिद्धान्तातल्या तपशिलांवर आजही वाद चालतात. पण ग्रंथाचे थर ओळखण्याची ती दृष्टी अभ्यासात कायम झाली.

कचऱ्यातून निघालेला खजिना

दुसरी पायरी कागदपत्रांची. यहुदी रिवाजाप्रमाणे देवाचे नाव लिहिलेला कागद फेकून देत नाहीत. कैरो शहरातल्या एका जुन्या प्रार्थनामंदिरात असे कागद टाकण्यासाठी एक कोठी होती. तिला ‘गेनिझा’ म्हणतात. शतकानुशतके त्या कोठीत प्रार्थनांच्या फाटक्या पानांबरोबर व्यापाऱ्यांची पत्रे, लग्नाचे करार, हिशेबाच्या याद्या, मुलांचे कित्ते असे काय काय पडत गेले. सॉलोमन शेख्टर या विद्वानांनी १८९६-९७ मध्ये तेथे जाऊन त्यातला फार मोठा साठा केंब्रिजला नेला.

त्या ढिगात हिंदुस्थानचाही पत्ता लागला. बाराव्या शतकात अब्राहम बेन यिजू नावाचा एक ज्यू व्यापारी मंगळूरला अनेक वर्षे राहिला होता. तेथे त्याने पितळेच्या भांड्यांचा कारखाना चालवला. त्याची पत्रे, हिशेब आणि सामानाच्या याद्या कैरोच्या त्या कोठीत सापडल्या. एस. डी. गॉइटाइन या संशोधकाने आयुष्यातली कित्येक वर्षे या कागदांसाठी वेचली. राजे आणि लढाया यांच्या इतिहासात ज्यांना जागा नव्हती, त्या साध्या माणसांचा संसार त्या चिठोऱ्यांतून उभा राहिला.

पश्चिम किनाऱ्यावर ज्यू व्यापारी आठशे-नऊशे वर्षांपूर्वी ये-जा करीत होते, याचा हा लेखी पुरावा. पण मंगळूरच्या उत्तरेला, कोकणात, त्याहूनही जुने म्हणवणारे ज्यू राहत होते. त्यांच्याजवळ असा एकही कागद नव्हता. त्यांच्याजवळ होती फक्त आठवण.

शनवारी घाणा बंद

आजच्या रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ नवगाव आहे. फार प्राचीन काळी येथल्या समुद्रात एक जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांना किनाऱ्यावरच पुरले, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. ‘बेने इस्रायल’ म्हणजे इस्रायलची लेकरे. वाचलेले लोक कोकणातल्या गावांत पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि मराठी बोलू लागले. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत ते घाण्याला हात लावीत नसत. म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

त्यांची आडनावे पाहा : केहीमकर, राजपूरकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर. प्रत्येक आडनावात एकेक गाव. शतकानुशतके इतर ज्यूंशी संबंध नसल्याने हिब्रू भाषा ते विसरले होते. पण मुलांची सुंता, शनवारचा विसावा, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि देव एकच आहे असे सांगणारी ‘शमा’ ही प्रार्थना, एवढे त्यांनी जपले होते.

सण होते, पण त्यांची नावे मराठी झाली होती. नवीन वर्षाचा तो ‘नव्याचा सण’. त्यानंतर येणारा ‘खिरीचा सण’. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे लावून घरात उपास करायचा, म्हणून तो ‘दारफळणीचा सण’ आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. काही उपासांना ‘रोजा’ म्हणत. नवस फेडायचा तर पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा ‘मलिदा’ करून एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याचे स्मरण करायचे. अलिबागजवळ खंडाळे येथे खडकावर एलियाहूच्या रथाची खूण उमटली आहे, अशीही त्यांची श्रद्धा आहे.

यहुदी पंचांग चांद्र महिन्यांचे आहे आणि ऋतूंशी मेळ घालण्यासाठी त्यात एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिना धरतात, हे कळल्यावर तर आपल्या आजीलाही हा धर्म फार परका वाटणार नाही!

कथेची पारख

आता अभ्यासक या सगळ्याकडे कसे पाहतो?

समाजातले पहिले इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी एक तर्क मांडला. बेने इस्रायलांच्या जुन्या सणांत ‘हनुक्का’ हा सण नव्हता. हा सण इसवी सनापूर्वी १६४ मधल्या एका घटनेच्या स्मरणार्थ सुरू झाला. म्हणजे तो सुरू होण्यापूर्वीच पूर्वजांनी पॅलेस्टाइन सोडले असले पाहिजे. तर्क मोठा सुरेख आहे. पण दुसरा अभ्यासक लगेच विचारतो, जे लोक हिब्रू भाषाच विसरले ते एखादा सण विसरले नसतील कशावरून? शिवाय ‘रोजा’ हा शब्द फारसी आहे. तेव्हा आज दिसणाऱ्या रीती साऱ्याच अतिप्राचीन आहेत असे म्हणता येत नाही.

जहाज फुटण्याच्या कथेचेही तसेच. समुद्रातून वाहून आलेल्या माणसांची कथा चित्पावनांच्या उत्पत्तीविषयीही कोकणात सांगितली जाते आणि तिच्या प्रचलित रूपात आकडाही चौदाच आहे. मग कोणी कोणाची कथा घेतली? की समुद्राकाठी राहणाऱ्या आणि बाहेरून आलेल्या लोकांना आपले मूळ सांगण्याची ही एक सर्वमान्य रीतच होती? अभ्यासक येथे निकाल देत नाही. तो फक्त साम्य नोंदवतो.

दाविद रहाबी यांची कथा आणखी बोलकी आहे. हे परदेशी ज्यू पाहुणे कोकणात आले. हे लोक खरोखर ज्यू आहेत का, हे पाहण्यासाठी त्यांनी बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे निवडून बाजूला काढले. बाकीचे आम्ही खात नाही, म्हणाल्या. यहुदी धर्मनियम नेमका हाच आहे! रहाबींची खात्री पटली आणि त्यांनी काहींना धर्मशिक्षण देऊन काजी नेमले. परंपरा ही घटना फार जुनी मानते. पण अठराव्या शतकात कोचीनला रहाबी नावाचे एक प्रतिष्ठित ज्यू व्यापारी घराणे होते आणि त्यात दाविद नावाची व्यक्तीही होती, हे कागदोपत्री सिद्ध आहे. म्हणून अनेक अभ्यासक ही घटना त्या काळातली समजतात.

ओळख पटवणारी परीक्षा ग्रंथाची नव्हती, तर स्वयंपाकघरातली होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. हिब्रू विसरली गेली होती, पण कोणता मासा चुलीवर चढवायचा ते बायका विसरल्या नव्हत्या. धर्माचा अभ्यास फक्त ग्रंथांतून होत नाही, हे सांगायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

अभ्यासकाला अप्रिय गोष्टीही नोंदवाव्या लागतात. या समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन गट होते. ज्यांच्या वंशात बाहेरची स्त्री आली असे मानले जाई त्यांना ‘काळे’ म्हणत आणि त्यांच्याशी बेटीव्यवहार होत नसे. आजूबाजूच्या जातिव्यवस्थेची ही छाया. समाजातल्या सुधारकांनी या भेदावर टीका केली आणि पुढे तो मावळत गेला.

अभ्यास मराठीत आला

अठराव्या शतकाच्या अखेरीस बेने इस्रायल मंडळी मुंबईला येऊ लागली. फौजेत अधिकारी असलेले सॅम्युएल इझिकेल दिवेकर ऊर्फ सामाजी हसाजी यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. पण प्रार्थना हिब्रूत आणि हिब्रू येणारे थोडे, ही अडचण होतीच.

ती दूर व्हायला एक अनपेक्षित हातभार लागला. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून छापली. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता. हे लोक ख्रिस्ती व्हावेत, ही त्यांची इच्छा. घडले उलटेच. बेने इस्रायल त्यांच्या शाळांत हिब्रू शिकले, बायबल मराठीत वाचू लागले आणि ख्रिस्ती होण्याऐवजी अधिक जाणते यहुदी झाले. कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनीही त्यांना शिकवले.

मग मराठीत यहुदी वाङ्मयाची एक परंपराच उभी राहिली. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनांची पुस्तके एकामागून एक मराठीत आणली. मुंबई विद्यापीठाचे ते हिब्रूचे परीक्षक होते. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचली जाणारी ‘हगादा’ पुण्यात १८७४ साली मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यातल्या चित्रांत बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका चक्क लुगडी नेसलेल्या आहेत! १८८० च्या सुमारास या समाजात कीर्तनेही सुरू झाली. बाज सारा मराठी कीर्तनाचा. आख्याने मात्र अब्राहाम, योसेफ आणि मोशे यांची.

केहीमकरांनी तर शाळाही काढली आणि समाजाचा इतिहासही लिहिला. १८९७ मध्ये लिहून झालेला हा इंग्रजी ग्रंथ छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवमध्ये. तोवर लेखकाला जाऊन बरीच वर्षे लोटली होती. चाळीस वर्षे एक हस्तलिखित वाट पाहत राहिले, आणि पुढे या समाजाविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याकडे वळावे लागले.

प्रश्न लग्नाचा

‘‘हे लोक कुठून आले?’’ हा प्रश्न तोवर पंडितांचा होता. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली, बेने इस्रायल मंडळी तेथे जाऊन राहू लागली आणि तोच प्रश्न लग्नाच्या मांडवात येऊन उभा राहिला.

इस्रायलमध्ये ज्यूंची लग्ने धर्मपीठाच्या अखत्यारीत होतात. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे घटस्फोट विधिपूर्वक झाला नसेल आणि त्या स्त्रीने पुन्हा लग्न केले, तर त्या लग्नाच्या संततीवर विवाहाच्या बाबतीत कडक निर्बंध येतात. काही धर्मगुरूंनी शंका काढली. शतकानुशतके जे लोक धर्मशास्त्रापासून दूर होते, त्यांचे घटस्फोट विधिपूर्वक झाले असतील कशावरून? त्यांच्यात बाहेरचे रक्त मिसळले नसेल कशावरून? १९६१ मध्ये धर्मपीठाने बेने इस्रायलांशी विवाहाला तत्त्वतः मान्यता दिली खरी, पण १९६२ मध्ये निघालेल्या सूचनांप्रमाणे बेने इस्रायल वधू किंवा वराच्या आईच्या बाजूची, मागे जाता येईल तितक्या पिढ्यांची चौकशी करावी असे ठरले.

कोकणातल्या खेड्यात जन्मलेल्या पणजीचा दाखला आणायचा तरी कुठून? आणि अपमान त्याहून मोठा होता. ‘तुम्ही ज्यू नाही’ असे त्यांना ज्यूंच्याच देशात ऐकावे लागत होते. बेने इस्रायल रस्त्यावर उतरले. जेरुसलेममध्ये १९६४ च्या उन्हाळ्यात धरणे आणि निदर्शने झाली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने, म्हणजे क्नेसेटने, बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनी ज्यूच आहेत असा ठराव केला आणि धर्मपीठाला त्या सूचनांतून समाजाचे नाव वगळावे लागले.

या लढ्यात एक बोच आहे. कोणाचेही लग्न इतिहासाच्या पुराव्यावर अवलंबून का असावे? रायपूरच्या मराठी कुटुंबाला भोसल्यांच्या सनदेवाचून मुलीचे लग्न करता येणार नाही असे कोणी म्हटले, तर आपल्याला ते कसे वाटेल? अभ्यासाचे काम समजून घेण्याचे आहे; दारावर उभे राहून आत कोणाला सोडायचे ते ठरवण्याचे नाही.

रक्ताने काय सांगितले?

आता विज्ञानही या अभ्यासात उतरले आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय संशोधनात बेने इस्रायलांचे जनुक इतर ज्यू समाजांशी आणि भारतीय लोकांशी ताडून पाहण्यात आले. निष्कर्ष असा की, त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा असा दोन्ही वारसा ठळकपणे आहे. हे मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाले असावे आणि मध्यपूर्वेकडचा वाटा पुरुषांकडून अधिक आला असावा.

‘‘म्हणजे परंपरा खरी ठरली!’’ असे कोणी म्हणेल. थोडे थांबायला हवे. पूर्वज पश्चिमेकडून आले, एवढे या निष्कर्षाने बळकट होते. पण जहाज नवगावलाच फुटले का, वाचलेले चौदाच होते का आणि ते दोन हजार वर्षांपूर्वी घडले का, हे जनुके सांगत नाहीत. उलट सात जोडपी आली असतील, तर इथल्या बायकांचा वारसा कुठून आला, असा नवा प्रश्न उभा राहतो. चांगल्या अभ्यासाची हीच खूण. एका प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते आणि दोन नवे प्रश्न मिळतात.

आणि मुळात धर्म म्हणजे काही रक्ताचा थेंब नव्हे. शनवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्याला आपली जनुके ठाऊक नव्हती. त्याला आपला वार ठाऊक होता.

अभ्यास करायचा तर

या विषयाची गोडी लागलेल्या मराठी वाचकाला परदेशी विद्यापीठापासूनच सुरुवात करायला हवी असे नाही. सुटीत अलिबागला गेल्यावर किल्ला आणि समुद्र पाहून होतोच. तेथल्या इस्रायल आळीत ‘मागेन अबोथ’ हे प्रार्थनामंदिर आहे आणि जवळच नवगावला पूर्वजांचे स्मारक. पुण्यात रास्ता पेठेत बेने इस्रायलांचे ‘सुक्कथ शेलोमो’ आहे आणि कॅम्पात १८६७ चे ‘ओहेल डेव्हिड’, म्हणजे सर्वांच्या ओळखीचे ‘लाल देऊळ’. आधी परवानगी घ्यावी आणि पुरुषांनी डोके झाकावे. एवढे पथ्य पुरे.

मग पुस्तके. शर्ली इसेनबर्ग यांचा १९८८ मधला बेने इस्रायलांवरचा ग्रंथ आणि जोन रोलंड यांचे ब्रिटिश काळातल्या भारतीय ज्यूंवरचे पुस्तक ही इंग्रजीत सहज वाचता येण्याजोगी आहेत. हिब्रू विद्यापीठाच्या डॉ. शाल्वा वाइल यांनी या समाजावर अनेक वर्षे संशोधन केले आहे. कथा कोणती, कागद कोणता आणि तर्क कोणता, हे वाचताना वेगळे काढत जावे. हीच या अभ्यासाची पहिली इयत्ता.

पण या अभ्यासात एक दार असे आहे, ज्याची किल्ली परदेशी पंडितांपैकी फार थोड्यांजवळ आहे. ती किल्ली म्हणजे मराठी. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात ज्यूंची संख्या पाच हजारांच्याही खाली होती. त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रातले. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. समाजाचा फार मोठा भाग इस्रायलमध्ये आहे. तेथे पहिल्या पिढीने मराठी जपली, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले, महाराष्ट्र दिन साजरा केला. पण तेथे जन्मलेली नातवंडे हिब्रूत बोलतात. रायपूरच्या मराठी घरांना हे वेगळे सांगायला नको. बाहेर हिंदी आणि छत्तीसगढी, शाळेत इंग्रजी, अशा परिस्थितीत आजीची भाषा तिसऱ्या पिढीत कशी पातळ होते, ते त्यांनी पाहिले आहे.

राजपूरकरांची भाषांतरे, कीर्तनांची आख्याने, गेल्या शतकातली समाजाची नियतकालिके, घराघरांतली पत्रे आणि लग्नाच्या याद्या हे सारे मराठीत आहे. ज्यांचा तो वारसा आहे त्या नातवंडांना तो वाचता येत नाही आणि ज्यांना वाचता येतो त्यांना तो आहे हेच माहीत नाही. कैरोच्या कोठीतल्या चिठोऱ्यांना त्यांचा वाचक मिळायला आठशे वर्षे लागली. या कागदांना तितकी वाट पाहता येणार नाही. कोकणातली वाळवी फार जलद असते. इतिहासाची किंवा मराठीची पदवी घेऊन पुढे काय करावे, असा प्रश्न ज्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला पडला असेल, त्या घरात या कागदांविषयी एकदा बोलायला हरकत नाही. हिब्रू शिकायला दोन-तीन वर्षे लागतील. मराठी तर घरातच आहे.